तिसरीचा कोरा तास

सोमवार, संध्याकाळ

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

या नावाने हाक मारलेली तुला आवडत नाही, ठाऊक आहे. चाळिशीला आलेल्या बाईला, एका मुलीच्या आईला, लाकडी बाहुलीचं नाव कोण देतं! पण चार वर्षांनी तुझा आवाज कानावर पडला आणि तो ठकीचाच निघाला. त्याला मी काय करू?

दोनच वाक्यं बोललीस तू. "अण्णा, आमची बदली पक्की झाली. भिंगरीचं नाव तुमच्याच शाळेत घातलंय, तिसरीत." आणि मी म्हणालो, "बरं बरं." उत्तर पूर्ण वाक्यात द्या, असं जन्मभर पोरांना सांगत आलेला मास्तर, आणि त्याचं स्वतःचं उत्तर काय, तर बरं बरं! तू फोन ठेवलास तरी मी रिसीव्हर कानाला लावून उभा. नंतर कुठल्या रस्त्याने घरी आलो ते सांगता यायचं नाही. पायात चपला होत्या, एवढं खरं. चष्म्याचं घर मात्र तिसरीच्या टेबलावरच राहिलं.

तसं भिंगरीच्या नावाचं मला आधीच कळलं होतं. नव्या मुख्याध्यापक बाईंनी सकाळीच सांगितलं. "सर, तुमची नात येतेय म्हणे आमच्याकडे." 'आमच्याकडे' म्हणाल्या. चालायचंच. ही शाळा त्यांची झाली त्याला आता पाच वर्षं झाली. पण माणूस वाईट नाही. निवृत्त झालो तरी शाळा उघडायच्या आधी मला आत फिरू देतात, कुणी हटकत नाही.

तुला आठवतात ना हे दिवस? आता बघायला ये. व्हरांड्यात शिंपी मशीन टाकून बसलाय, गणवेशाच्या बाह्या आखूड-लांब करतोय. मैदानात बस धुतायत. पुस्तकांचे गठ्ठे आले आहेत, मी एक सोडवून नाक घालून बसलो, तर बाई म्हणतात, "सर, वाचायची असतात ती." फाटकावर नवा फलक लागलाय, त्यावर हसणारी मुलं आहेत. त्यांतलं एकही आपल्या शाळेतलं नाही. कुठून आणली देव जाणे, पण दात मात्र सगळ्यांचे सरळ आहेत.

आणि यंदाही मी कोरा तास घेतला. तू विसरली असशील म्हणून सांगतो. थोरल्या बाईंनी दोन खोल्यांत ही शाळा काढली तेव्हापासूनचा रिवाज. शाळा उघडण्याआधी प्रत्येक वर्गावर एक पूर्ण तास घ्यायचा, रिकाम्या बाकांपुढे. मुलं आहेत असं धरून शिकवायचं. प्रश्न विचारला की उत्तरासाठी थांबायचं, पोराला लागेल तेवढं. आणि शेवटी 'सुटी' म्हणायचं, दाराशी उभं राहायचं, आणि शेवटचं मूल बाहेर पडलं असं वाटेपर्यंत मास्तरने उंबरा ओलांडायचा नाही. बाई म्हणायच्या, "रिकाम्या बाकासमोर ज्याला थांबता येतं, त्यालाच पोरासमोर थांबता येतं." पहिल्या वर्षी मला हसू आवरेना. "शांत बसा" म्हणालो, आणि बाकं बसलेलीच होती.

बाई गेल्या, रिवाज आटला. आता सगळ्या शाळेत मी एकटा घेतो, एकाच वर्गावर. यंदा हट्टाने तिसरी मागून घेतली. कविता घेतली ती जुन्या वाचनमालेतली, 'रिती जागा'. नव्या पुस्तकात नाही ती. काय नादाची कविता आहे, ठके!

दार उघडे, दिवा उजळला,
एक जागा अजून रिती;
सगळे आले, सगळे बसले,
कोण राहिले वाटेवरती?

हे कडवं झालं आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "मुलांनो, तुमच्या वर्गात यंदा एक नवी मुलगी येतेय. तिचं नाव भिंगरी. खिडकीजवळची जागा तिला ठेवाल ना?" आणि रिवाजाप्रमाणे उत्तरासाठी थांबलो. तेवढ्यात मावशी धावत आली, तुमच्या लेकीचा फोन आहे म्हणून. (मावशी म्हणजे शाळेचं सगळं बघणारी. तू होतीस तेव्हा नवी लागली होती, तुझ्या वेण्या घालून द्यायची, तीच.)

तास तेवढा अर्धा राहिला. ते जाऊ दे.

भिंगरी आता केवढी झाली? अजून उभ्या उभ्या गोल फिरते का? एखादा फोटो पाठव. फोनवर मला बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. तू पत्राने उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. मावशीच्या मोबाइलवर चार शब्द पाठव, ती वाचून दाखवेल.

तुझे
अण्णा

---

गुरुवार, दुपार

चि. ठकीस,
आशीर्वाद.

तुझं काही आलं नाही. घाई नाही. सामान बांधायचं म्हणजे काय गंमत आहे! काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळ, कपड्यांत नको. तुझी आई असती तर तिने आधी हेच सांगितलं असतं.

इकडे एक गंमत झाली. गंमतच म्हणायची.

काल रंगारी तिसरीच्या खोलीला रंग द्यायचा म्हणून आला. भर दुपारी मी व्हरांड्यात पोचलो, तर हा पठ्ठ्या डबा आणि ब्रश घेऊन बंद दाराबाहेर उभा. घामाघूम. मावशी त्याच्यापुढे झाडू आपटत होती.

"का रे, मुहूर्त बघतोयस का?"

"अहो मावशी, आत तास चाललाय. मधे कसा जाऊ?"

"शाळा उघडायला अजून किती दिवस आहेत! तुला रंगाचा वास चढलाय."

"पोरं एका सुरात म्हणतायत की! मघापासनं ऐकतोय. आमच्या वेळी तासाच्या मधे दार उघडलं की छडी बसायची."

मावशीने मला पाहिलं. "घ्या, तुमच्या जातीचा आणखी एक मिळाला, सर," म्हणाली आणि दार ढकललं.

आत कुणीही नव्हतं. फळ्यावर माझ्याच अक्षरात पहिलं कडवं. टेबलावर चष्म्याचं घर. खिडक्या बंद, हवा कोंदलेली. पण ठके, बंद खोलीचा वास नव्हता तो. पेन्सिलीच्या सालपटांचा होता, डब्यांचा होता, धावून आलेल्या पोरांच्या मानेला येतो तो. तुला माहीत आहे. तू रोज घरी आणायचीस.

मावशी बाक पुसायला वाकली आणि हात मागे घेतला. "सर, हात लावून बघा."

लावला. बाक ऊबदार होतं. नुकतंच कुणी उठून गेल्यावर लाकडात राहते तशी ऊब. दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. सगळी तशीच. मावशी म्हणाली, पत्रा तापला असेल. पण आपल्या इमारतीला पत्रा कुठे आहे? वर चौथीचा वर्ग आहे.

एकच जागा गार होती. खिडकीकडचं तिसरं बाक. दोघांचं आहे ते. आतली बाजू ऊबदार, खिडकीकडची गार. गंमत म्हणजे साऱ्या खोलीत ऊन पडलं होतं ते तेवढ्याच जागेवर.

रंगाऱ्याने ब्रश काही आत नेला नाही. त्याने पाचवी रंगवायला घेतली. जाताना मला म्हणाला, "सर, काय म्हणत होती माहितीय? कोण राहिले, कोण राहिले, असं काहीतरी."

मी हसलो. त्याला म्हटलं, लहानपणी तूही ती पाठ केली असशील, डोक्यात राहिली असेल. तो म्हणाला, "मी शाळेत गेलो ते फक्त मार खायला." पुन्हा हसलो. पण त्यानंतर चष्म्याचं घर उचलायला आत जायचं मी टाळलं, हे तुला सांगायला हरकत नाही.

तुझ्या आईच्या निळ्या कपाटाची चावी सापडली. भिंगरीसाठी ते कपाट रिकामं करतोय.

तुझे
अण्णा

---

शनिवार, सकाळ

चि. ठकीस,

तुझा निरोप मावशीने वाचून दाखवला. तिच्या चालीत. "अण्णांना विचारा," म्हणे, "भिंगरीला ही कविता कुणी शिकवली? दिवसभर तेच. दार उघडे, दिवा उजळला. शेजारणीसमोर पण तेच. तिला कविता येतच नाहीत." पुढे मावशीने स्वतःचं घातलं, "बघा, नात आजोबांवर गेली!"

मी मावशीला सांगितलं की उलट कळव, लहानपणी मीच तिला झोपवताना म्हणत असेन.

ठके, ते खोटं आहे. ती चार वर्षांची होती तेव्हा तुम्ही गेलात. मी तिला पक्ष्यांची गाणी म्हणायचो, चांदोबाची म्हणायचो. ही कधी नाही. तुलाही कधी नाही म्हटली. ही निजवायची कविता नव्हे.

तू विचारशील, मग वर्गात का घेतलीत? नादासाठी. आणि पहिली दोन कडवीच घ्यायची म्हणून. मी नेहमी दोनच घेत आलो. दुसरं असं आहे:

वारा पुसतो, फांदी पुसते,
पुसतो भिंतीमधला खांब;
घर म्हणाले ज्याला त्याला,
येईल कुणी, जरासे थांब.

इथे थांबलं की कविता गोड वाटते. दिवा आहे, घर आहे, कुणीतरी येणार आहे. पोरं खूश. तिसरं कडवं मी कधी पोरांना दिलं नाही.

तुझा निरोप आला तेव्हा मी कार्यालयात होतो. तिथून तडक तिसरीत गेलो. बाहेर शिंप्याचं मशीन खडखडत होतं, बसचा ड्रायव्हर मोठ्याने कुणाशी तरी भांडत होता, म्हणून धीर आला. आत गेलो आणि खिडकीकडच्या तिसऱ्या बाकाशी वाकलो.

गार जागा आज कोमट होती.

फार नाही. कुणीतरी नुकतंच येऊन टेकावं, अजून संकोचाने अर्धंच बसावं, एवढी.

भिंगरी जेवते ना नीट? रात्री झोपते ना? एवढं मात्र लगेच कळव.

अण्णा

---

सोमवार, दुपार

ठके,

आज मावशीने चाल लावली नाही. सरळ वाचलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला. मी स्वतः पुन्हा वाचलं.

"कालपासून ती पलंगावर ताठ बसून आहे. हाताची घडी. हलत नाही, जेवत नाही. डॉक्टर म्हणतात, ताप नाही, काही नाही. मी विचारलं, बाळा, काय होतंय? तर म्हणते, आई, अजून सुटी झाली नाही. अण्णा, तुम्ही काय केलंत? लहानपणी मी तुमच्या शाळेच्या फाटकात दप्तर घेऊन उभी राहायची आणि तुम्ही आतून म्हणायचात, थोडं थांब. आता माझ्या पोरीला पण थांबवून ठेवलंत?"

तुझी टोचणी बरोबर आहे. आता लपवाछपवी पुरे. जे झालं ते सांगतो. तू मला वेडा म्हण. तुझ्या आईने लग्नानंतर आठवड्यातच म्हटलं होतं.

मी त्या दिवशी वर्गाला सुटी दिली नाही. मावशीने हाक मारली आणि मी निघालो. ना 'सुटी' म्हणालो, ना दाराशी थांबलो. प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तरही घेतलं नाही. इतक्या वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. तुझा आवाज ऐकायचा होता, एवढंच कारण.

थोरल्या बाईंनी मला पहिल्याच वर्षी एक गोष्ट सांगितली होती. मी विचारलं होतं, "बाई, समोर कुणी नसताना सुटी कशाला द्यायची?" त्या कपाट लावत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "तुम्ही बसा म्हणालात ना? मग उठायला कोण सांगणार?" तेव्हा मला तो विनोद वाटला. बाई विनोद करत नसत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी त्यांना बसवलं. मी त्यांना तिचं नाव सांगितलं. जागा ठेवाल ना, असं विचारलं. ते कोण आहेत, मला माहीत नाही. आजवर ज्या मुलांना बसवून शिकवलं त्यांचंच काही असेल, किंवा नुसत्या बाकांची सवय असेल. पण ते शहाणे आहेत. त्यांनी जागा ठेवली. नुसती ठेवली नाही, तिला बोलावून घेतलं.

आज सकाळी मी वर्गात गेलो. दाराशी उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "मुलांनो, सुटी!" तुला माहीत आहे, सुटी म्हटल्यावर वर्गाचं काय होतं. बाकं करकरतात, दप्तरं आपटतात, दारात चेंगराचेंगरी. यातलं काहीच नाही. पंखा बंद, खिडकीबाहेर पान हलत नाही. मी थांबलो. थोरल्या बाईंनी शिकवलं तसा, पोराला लागेल तेवढा. मग आवाज आला, ठके. मोठा नव्हता. वर्ग गुणगुणतो तसा, सगळ्या बाकांतून एकदम.

कोण राहिले वाटेवरती?

त्यात एक आवाज बाकीच्यांच्या अर्धा शब्द मागे होता. नव्या मुलीचा असतो तसा. चार वर्षं ऐकला नाही, तरी ओळखला मी.

मी तिच्या बाकाजवळ गेलो. ती जागा आता इतर बाकांइतकीच ऊबदार आहे. मी म्हटलं, "भिंगरी, बाळ, तू जा. आई वाट बघतेय." आणि काय झालं सांगू? ती ऊब क्षणभर सरकली, उठल्यासारखी, आणि पुन्हा होती तिथेच बसली. शिस्तीची पोर. सगळा वर्ग बसलेला असताना एकटी कशी उठेल? आणि वर्ग का उठत नाही, तेही माझ्या लक्षात आलं. त्यांचा तास अजून चालू आहे. कविता अर्धी आहे. जागा रिती आहे, तोवर कविता संपत नाही. आणि ती भरायला मी त्यांना एकच नाव दिलंय.

नव्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं, बसवलं आणि विचारलं, "सर, जेवलात का?" त्यांचं चुकलं नाही. मी कुणाचं असं ऐकलं असतं तर मीही हेच विचारलं असतं.

तिला उठवू नको, ओरडू नको. पाणी पाज. तिच्या कानाशी बोलत राहा, काहीही, भाजी काय आणली ते सांग. आणि तिचं नाव या शाळेतून काढ. आजच नव्या बाईंना फोन कर. चार वर्षं मी या एका गोष्टीची वाट बघितली, की ती या फाटकातून धावत येईल आणि माझ्या पोटात डोकं खुपसेल. निळं कपाट रिकामं करून पुसून ठेवलंय. तरी सांगतो, तिला इथे आणू नको.

उद्या मी तास पुरा करतो.

अण्णा

---

मंगळवार, दुपार
तिसरीचा वर्ग

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

टेबलाशी बसून लिहीत नाहीये. बाकावर बसलोय. खिडकीकडचं तिसरं. गुडघे बाकाखाली मावत नाहीत. तुझी आई म्हणायची, तुमचे पाय शरीराच्या आधी घरात येतात. ऊन कागदावर पडलंय, म्हणून अक्षर जरा वाकडं.

सकाळी आत आलो. अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आलो. मावशीने फाटकातच अडवलं. "सर, कुणाचं लग्न?" मी म्हटलं, तास आहे. मग ती खिडकीबाहेर स्टूल टाकून भाजी निवडत बसते म्हणाली, आणि बसलीय. तिच्या चाकूचा आवाज येतोय. ती खिडकीशी आहे म्हणून मला हे पत्र पुरं करता येतंय.

आधी फळा पुसला. मग पहिलं कडवं म्हटलं, त्यांनी माझ्यामागे म्हटलं. दुसरं म्हटलं, त्यांनी म्हटलं. आता मला भीती वाटत नव्हती. चांगला वर्ग आहे, ठके. एकही आवाज चढत नाही, कुणी घाई करत नाही. असा वर्ग मास्तरला जन्मात एकदा मिळतो.

मग मी म्हटलं, "मुलांनो, त्या दिवशी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ती जागा नव्या मुलीची नव्हे. तिचं गाव वेगळं, तिची शाळा वेगळी. वाटेवर राहिलेला दुसराच आहे. त्याला यायला फार उशीर झाला. त्याला घ्याल?"

आणि थांबलो.

उत्तर यायला वेळ लागला. बाकाच्या आतल्या बाजूला कुणीतरी सरकलं. बाक करकरलं. मी खाली वाकून त्या जागेला हात लावला आणि म्हटलं, "ऊठ बाळ. तुझ्यापुरती सुटी." आणि मी दाराकडे गेलो, दार धरून उभा राहिलो. रिवाज आहे.

माझ्या अंगावरून काहीतरी गेलं. पळत. दारातून बाहेर पडताना एकदा गोल फिरलं, ठके. माझ्या सदऱ्याचं टोक हललं. तेवढंच. पोटात डोकं खुपसणं नाही, पण चालेल.

परत येऊन हात लावला तर जागा थंडगार होती. मग मी बसलो.

थोड्या वेळाने मावशीचा मोबाइल वाजला. ती खिडकीतून ओरडली, "सर, ठकीताईंचा फोन! पोरगी उठली म्हणे! उठली ती सरळ स्वयंपाकघरात गेली, डबे उघडून बघतेय, भूक लागली म्हणते. ठकीताई रडतायत. बोलायचंय तुमच्याशी. बाहेर या!"

मी म्हटलं, "तास चालू आहे."

"अहो, लेक रडतेय फोनवर!"

"तिला म्हणावं," म्हणालो, आणि पुढचा शब्द तोंडात अडकला. 'थोडं थांब' म्हणणार होतो. आयुष्यभर जे म्हणत आलो तेच. नाही म्हटलं. म्हटलं, "तिला म्हणावं, थांबू नको. पोरीला जेवायला घाल."

मागच्या वेळी तुझा आवाज आला आणि मी वर्ग सोडून धावलो. आताही पाय उठायला बघत होते. उठू देता आले नाहीत. मी या जागेवरून उठलो तर ती रिती होईल. आणि ते पुन्हा तेच नाव घेतील. त्यांना दुसरं माहीत नाही.

हा कागद घडी करून खिडकीतून मावशीला देतोय. तिला सांगितलंय, कुरियरवाल्याकडे आजच दे. ती घ्यायला तयार नव्हती. म्हणाली, "तुम्हीच द्या की संध्याकाळी." मग माझ्याकडे बघितलं आणि घ्यायला हात पुढे केला.

तिसरं कडवं तुला लिहून देतो. ते तू भिंगरीपुढे म्हणू नको. पण तू आता मोठी आहेस.

आले कोणी हलक्या पायी,
दार मिटले मागोमाग;
जागा भरली, दिवा निवाला,
आता नको कुणाला जाग.

लहानपणी मला हे कडवं भयंकर वाटायचं. आता तितकं वाटत नाही. नाद तोच आहे, फक्त पावलं हळू पडतात.

बाक माझ्याखाली ऊबदार व्हायला लागलंय. शेजारी कुणीतरी माझ्या पाटीत, म्हणजे या कागदात, डोकावतंय. मी हाताने झाकलं तर मागे सरकलं. लहान असतात तोवर सगळीच डोकावतात.

भिंगरीला दुसऱ्या कुठल्याही शाळेत घाल. लहान बघ, मैदान असलेली बघ, फलकावरच्या मुलांचे दात वेडेवाकडे असलेली बघ. आणि ठके, एवढं माझं ऐक. पहिल्या दिवशी शाळा सुटायच्या आधीच फाटकाशी जाऊन उभी राहा. ती बाहेर येईल तेव्हा तू तिथे असायला हवीस.

दार हळूच लागलं. वारा नाही.

वर्ग माझ्या आवाजाची वाट बघतोय. तिसरं कडवं म्हणतो आता.

तुझे
अण्णा